बाबांनी कुणाला सोडवलं?

दादा,

आज सकाळी वहिनीनं फ्रिज पुसायला काढला. दुधाच्या पातेल्यामागे, अगदी आतल्या कोपऱ्यात, तुझा तो वाकड्या झाकणाचा स्टीलचा डबा निघाला. तिनं झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरभर हिंग आणि मोहरीच्या आंबलेल्या खलीचा, त्या पेंडीचा वास सुटला. आट्याचा गोळा वरून काळा पडला होता. त्यावर तुझ्या अंगठ्याचा ठसा अजून होता. "याचं काय करायचं गं, सुमन?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "टाकून दे." ती डबा घेऊन मोरीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मग झाकण लावून तिनं तो परत होता तिथे ठेवला. आम्ही दोघी बाकीचे कप्पे पुसत राहिलो.

काल तुझा तेरावा झाला. आलेली माणसं जेवून, तुझ्याबद्दल चांगलं बोलून गेली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तू किती सचोटीनं नोकरी केलीस, गणपतीत आरत्या किती खणखणीत म्हणायचास, सगळं निघालं. तुझ्या गळाचं नाव मात्र एकानंही काढलं नाही. रामघाटावरच्या वैदिकाचा मुलगा गंगेत मासे धरायचा, हे तू गेल्यावरही कुणाच्या तोंडून निघत नाही. आपल्या घरात तर ते कधीच निघत नव्हतं. म्हणून मी बोलते आहे. ऐकायला तू नाहीस, तरी.

रविवारी सकाळी चारा मीच मळायची. आई होती तोवर तिची एकच अट होती, "माझी परात नाही वापरायची." म्हणून तू चौकातून एक जर्मनची परात आणलीस आणि ती आपण गच्चीवर वेगळी ठेवायचो. आटा, भाजलेलं सत्तू, रात्रभर भिजवलेली मोहरीची खली, गुळाचा खडा, चिमूटभर हिंग. आणि शेवटी कापूस. देवाच्या वातींसाठी आणलेला कापूस पिंजून मी त्यात मिसळायची, म्हणजे गोळी पाण्यात विरघळत नाही. तू एक गोळी बादलीत टाकून बघायचास. फुटली की म्हणायचास, "परत मळ, सुमे." दुकानात आता रंगीत पाकिटातला तयार चारा मिळतो. एकदा ऑफिसातल्या कुणीतरी तुला तो आणून दिला होता. तू वास घेतलास आणि पाकीट परत केलंस. "मासा इथलाच आहे. त्याला घरचंच आवडतं," म्हणालास.

आणि गंमत म्हणजे मासा तू कधी चाखलाही नाहीस. शिजताना वास आला तरी तुला मळमळायचं. जे मिळे ते भोलाच्या घरी जाई. भोला मल्लाह, तुझा लहानपणापासूनचा मित्र, ज्याच्या नावेवरून उड्या मारत तू पोहायला शिकलास. बाबांना नेमका याचाच राग होता. "खात नाहीस, मग धरतोस कशाला?" त्यांनी एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, "बसायला आवडतं." ते म्हणाले, "नुसतं बस. गळ कशाला हवा?"

उत्तर मला माहीत होतं. मला बघायला माणसं यायची, पोहे खायची आणि नंतर कळवतो म्हणून जायची. घरात सगळे माझ्याशी सांभाळून बोलायला लागायचे. तू बोलायचा नाहीस. "चल," म्हणायचास. घाटाच्या खालच्या पायरीवर मला बसवून हातात बांबूची काठी द्यायचास. गळाच्या दोरीला बांधलेलं मोरपिसाच्या देठाचं तरंड पाण्यावर उभं असायचं आणि त्याच्याकडे बघताना दुसरं काही सुचायचं नाही. नुसतं बसलं असतं तर सगळं सुचलं असतं. तू मला कधीच काही विचारलं नाहीस, दादा. लग्न नाही झालं, शाळेतली नोकरी धरली, तुझ्याच घरात राहिले, आणि एकदाही तू माझ्याकडे खुलासा मागितला नाहीस. हे उपकार आहेत असं तुला म्हटलं असतं तर तू उठून गेला असतास. म्हणून म्हटलं नाही.

पण मला त्या एकादशीबद्दल बोलायचं आहे.

बाबा घनपाठी. गल्लीतल्या पाठशाळेत मुलांना वेदांची संथा द्यायचे. दर एकादशीला ते कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर बोरूनं रामनाम लिहायचे, एकेक चिठ्ठी आट्याच्या गोळीत घालायचे आणि पितळी ताटात त्या गोळ्या घेऊन घाटावर जायचे. आधी स्नान, मग माशांना गोळ्या. त्या सकाळी ते पाण्यात होते, ताट पायरीवर होतं. तू खालच्या अंगाला गळ टाकून बसला होतास आणि तुझा चारा संपला होता. तू उठलास, ताटातल्या दोन गोळ्या उचलल्यास आणि त्यातली एक गळाला लावलीस.

दुपारी गल्लीत गलका झाला. भोलाची बायको पदर सावरत आपल्या दाराशी आली होती, मागे पंधरावीस माणसं. तिच्या ओंजळीत ओला कागद होता. "पंडितजी, देखीं, मछरी के मुँह में से रामजी निकललन!" ती रडत होती. तिला तो साक्षात्कार वाटला होता. कुणी हात जोडले होते, कुणी कागदाला शिवून डोळ्यांना हात लावत होतं. बाबांनी चिठ्ठी घेतली. त्यांच्या 'रा'ची ती मोडी वळणाची मान लांबूनही ओळखू येत होती. मासा कुणी धरला तेही बाईनं कौतुकानं सांगितलं, "भइया धइले रहलन ई मछरी." बाबांनी वर बघितलं. तू जिन्यात उभा होतास.

ते मराठीत बोलले. जमलेल्यांना कळू नये म्हणून.

"माझ्या ताटातली?"

"हो."

"गळाला लावलीस?"

"हो. चारा संपला होता."

मला वाटलं ते आता ओरडतील. त्यांनी चिठ्ठी त्या बाईच्या हातात परत दिली आणि हिंदीत म्हणाले, "सँभालकर रखना, बेटी." मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. एका घरात, एका पंगतीत, वर्षानुवर्षं. "सुमन, त्याला सांग, समईचं तेल संपलंय." "सुमन, त्याला विचार, विजेचं बिल भरलं का." तू समोर बसलेला असायचास. ऐकायचास आणि मला उत्तर द्यायचास, आणि मी ते उत्तर पुन्हा म्हणायची, जणू मधे भिंत आहे. जेवताना मी दोघांच्या मधे बसायची. वहिनी नवीन होती तेव्हा तिला याचं हसू यायचं. नंतर तिचंही हसू गेलं.

तू मला एकदा गच्चीवर म्हणालास, "मी त्यांना चिडवायला नाही केलं गं. तिथले मासे त्यांच्याच गोळ्यांना सवकलेत. माझ्या चाऱ्याला तोंड लावत नव्हते. बाबांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त मासे येतात, एवढंच मला बघायचं होतं." मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते पोथीत बघत होते. त्यांनी पान उलटलं.

आणि मग तो पूर.

पूर खरं तर ओसरत होता. बुडलेल्या पायऱ्या एकेक करून वर येत होत्या आणि त्यांच्यावर घोट्याएवढा गाळ होता. कडेला उभं राहिलं तरी पाय सरकायचा. मी तुला म्हटलं होतं, आज नको. तू म्हणालास, पाणी उतरताना मोठे मासे काठाला येतात. त्या दिवशी काठी नव्हती, नुसती जाड नायलॉनची डोर होती. हाताला चिखल होता, डोर निसटत होती, म्हणून तू ती मनगटाला गुंडाळलीस. डोर हाताला कधी गुंडाळायची नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. मी बघितलं. मी तोंड उघडणार तोच डोर ताणली गेली.

पाणी फुगलं आणि एक रुंद काळपट पाठ वर येऊन गेली. "भाकुर!" तू ओरडलास. एवढा मोठा मासा तू आयुष्यात धरला नव्हतास. तुझा चेहरा एखाद्या पोराचा झाला होता. दुसऱ्याच क्षणी तुझे पाय गेले. तू पाठीवर पडलास, पायऱ्यांवरून घसरत कमरेपर्यंत पाण्यात गेलास आणि तसाच पुढे ओढला जायला लागलास. मी तुझ्या सदऱ्याची मागची बाजू धरली. सदरा फाटत होता, ते मला ऐकू येत होतं. तू डावा हात पायरीच्या फटीत रोवला होतास. उजवा हात पाण्याखाली सरळ ताणलेला, आणि डोर मनगटात रुतत चाललेली. भोला त्याच्या नावेतून ओरडत होता, "छोड़ दा भइया, डोर छोड़ दा!" तो वल्ही मारत होता, पण प्रवाह त्याला पुढे येऊ देत नव्हता. सोडायची कशी? सोडण्यासारखं काही तुझ्या हातात उरलंच नव्हतं. चाकू वर पिशवीत होता. पिशवी आणायला गेले तर सदरा सोडावा लागणार होता.

मी कुणाला हाक मारली ते आठवत नाही. भोला सांगतो, मी "बाबा, बाबा" ओरडत होते.

संध्येची वेळ होती. बाबा वरच्या अंगाला बसायचे, जिथून तू दिसत नाहीस अशा जागी. प्रथम त्यांचं पंचपात्र पायऱ्यांवरून खडखडत खाली आलं आणि पाण्यात गेलं. मग ते आले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, ओल्या धोतरात, त्या गाळातून बसत बसत. त्यांनी नाव बांधायच्या लोखंडी कडीत एक हात अडकवला आणि छातीएवढ्या पाण्यात उतरले. तुझं मनगट वर खेचलं. बोटं निळी पडली होती. त्यांनी डोर बघितली आणि वाकून दातात धरली.

दादा, ज्या तोंडानं जन्मभर संहिता म्हटली, त्यात ती माशाच्या बुळबुळीनं माखलेली डोर होती. पुढचे मोजकेच दात राहिले होते त्यांचे. ते कराकरा चावत होते, मान हलवत होते. डोरीला झटका बसला की त्यांचं डोकंही ओढलं जायचं. ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त आलं. तू ओरडलास, "बाबा, सोडा, तुम्ही जाल!" इतक्या वर्षांनी तू थेट त्यांच्याशी बोललास. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

डोर तुटली तेव्हा आपण तिघंही पायऱ्यांवर आदळलो.

बाबा थुंकले. तोंड धुतलं, परत धुतलं, परत धुतलं. मग तुझ्या मनगटाकडे बघून मला म्हणाले, "सुमन, त्याला सांग, घरी जाऊन हळद लाव." आणि पुन्हा स्नान करून, ओठाचं रक्त पुशीत, ते अर्धी राहिलेली संध्या पुरी करायला बसले. तू पाण्याकडे बघत होतास.

"गेला," तू म्हणालास. "सोडवलं बाबांनी त्याला."

"त्याला?" मी म्हटलं. "अरे, तुला सोडवलं!"

तिथून आपला वाद सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. "त्याला विचार, गळ तोंडात राहिला तर मासा जगतो का?" तू दारातच होतास. म्हणालास, "सांग, गंजून पडतो. जगतो." मी सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले. त्यानंतरच्या एकादशीला त्यांनी गोळ्या नेहमीपेक्षा लहान केल्या, अगदी मिऱ्याएवढ्या. का ते मी विचारलं नाही. तू मात्र मला जिन्यात गाठलंस. "बघ! माशाचं तोंड दुखेल याची काळजी. माझा हात काळानिळा पडलाय, एकदा तरी विचारलं?"

"हळद लाव म्हणाले ना?"

"ते शेजारच्यालाही म्हणाले असते."

"शेजाऱ्यासाठी डोर चावली असती?"

"माशासाठी चावली. मला वाचवायचं असतं तर मला ओढलं असतं."

किती वर्षं, दादा. फराळाच्या ताटावर, लाइट गेल्यावर गच्चीत, तुझ्या मुलाच्या मुंजीच्या केळवणाला बसलेलो असताना. मधेच तू म्हणायचास, "बरं, मग त्यांनी तीनदा तोंड का धुतलं?" आणि मी हातातलं काम टाकून भांडायला लागायची. भोलाला आपण साक्षीदार म्हणून बोलावलं तर तो हात झटकायचा. "हम त नाव खेवत रहली, कुछ ना देखली." वहिनी कंटाळून म्हणायची, "अहो, बाबा आत बसलेत. जाऊन विचारा ना!"

ते आपल्याला दोघांनाही जमलं नाही. "मासा" असं उत्तर आलं असतं तर ते तुला झेपलं नसतं. मलाही नसतं झेपलं. म्हणून बाबा आतल्या खोलीत होते आणि आपण बाहेर, दबक्या आवाजात, त्यांच्याबद्दल भांडत होतो. ते ऐकत असतील का? भिंत तशी जाड नव्हती.

तू गळ टाकणं सोडलं नाहीस. बाबांनी बोलणं सुरू केलं नाही. फक्त रविवारी तू उशिरा परतलास तर ते खिडकीपाशी उभे असायचे आणि जिन्यावर तुझी पावलं वाजली की जागेवर जाऊन बसायचे. हेसुद्धा मी तुला पुरावा म्हणून सांगितलं होतं. तू म्हणालास, "पिशवीत मासा आहे का ते बघत असतील."

ते गेले त्या थंडीत त्यांचं सगळं तूच केलंस. अंग पुसलंस, पेज भरवलीस. ते तुझ्या हातून मुकाट्यानं खायचे. एकदा पाणी पाजताना त्यांनी तुझं उजवं मनगट धरलं. पाणी पिऊन झालं तरी धरून होते. मी दाराशी उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ हलले, पण ते पाठ म्हणत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता तरी?" तू म्हणालास, "आधाराला धरलं गं." पण तुझा डावा हात त्या मनगटावर होता, आणि मीही जास्त ताणलं नाही.

आणि आता तुझं हॉस्पिटल.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायचं असलं की तू तो बाजूला करायचास आणि नर्स रागवायची, "अंकल, हाथ मत लगाइए!" वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. खिडकीतून ऊन थेट तुझ्या पायांवर येत होतं, म्हणून मी पडदा ओढत होते. मागून तू म्हणालास, "सुमे."

मी वळले. तू मास्क हनुवटीवर ओढला होतास.

"तूच बरोबर होतीस. बाबांनी मलाच सोडवलं."

मी जन्मभर ज्या वाक्यासाठी भांडले, ते तू म्हणालास. आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तू कधी हार मानली नव्हतीस, दादा. पत्त्यांत नाही, भाजीवाल्याशी नाही, बाबांशी तर नाहीच. मी मास्क परत लावायला गेले, तू माझा हात अडवलास.

"असं कसं?" मी म्हटलं. "मग तोंड का धुतलं तीनदा? सांग ना. गोळ्या लहान का केल्या? बोल!"

तू हसलास. "दमलो गं," म्हणालास. "जाऊ दे. तू जिंकलीस."

मी तुझ्या तोंडावर मास्क बसवला, पट्टी कानामागे नीट केली आणि बाहेर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. वहिनी औषधं घेऊन आली. "काय म्हणाले?" तिनं विचारलं. मी तिच्या हातातली औषधांची पिशवी घेतली. तिला वाटलं डॉक्टर काहीतरी बोलले. डॉक्टर तोवर म्हणत होते, सुधारणा आहे. तू घरी परत येणार नाहीस, हे ते दोन दिवस मी एकटीच जाणून होते. तुझ्याजवळ बसून खोटं खोटं बोलत राहिले, घरी आल्यावर काय करायचं, गच्चीची गळती कधी काढायची. तू मान हलवत होतास. एकाही गोष्टीला विरोध केला नाहीस.

तू हे खरं वाटून म्हणालास, की मला बरं वाटावं म्हणून, की वाद मिटवून टाकायचा म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. मला राग येतो तुझा. अर्ध्यावर उठून जायची ही काय रीत? घरात आता एवढी शांतता आहे की पाणी भरताना नळाचा आवाजही मोठा वाटतो. वहिनी माझ्याशी सांभाळून बोलते, मी तिच्याशी. कुणी कुणाला खोडून काढत नाही.

म्हणून मी आज ठरवलं आहे. तुझी बाजू आता मी घेते. ऐक. बाबांनी माशालाच सोडवलं. तुझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. जन्मभर ज्यांना हातानं भरवलं, त्यातला एक ओढला जात होता, तो त्यांना बघवला नाही, म्हणून ते पाण्यात उतरले. तू त्या डोरीच्या दुसऱ्या टोकाला होतास, म्हणून वाचलास. बस. माझं हेच मत आहे, आणि मी ते बदलणार नाही.

आता बोल, दादा. खोडून काढ.